जुन्या टू-स्ट्रोकचा पिकअप वाढवणे परवडते का?

मुंबई-गोवा महामार्गावर सुकेळी खिंड उतरली की थोड्याच वेळात कोलाडचा आंबेवाडी नाका लागतो. इथून एक फाटा रोह्याला जातो, दुसरा विळ्यावरून ताम्हिणी घाटाकडे आणि पुढे पुण्याला. कोकण रेल्वेने १९९९ साली मालट्रक रेल्वेच्या वाघिणीवर चढवून गोव्याकडे नेण्याची जी ‘रो-रो’ सेवा सुरू केली, तीही कोलाड स्थानकातूनच. थोडक्यात, हे चाकांचे गाव आहे. अशा ठिकाणी गॅरेज, पंक्चरवाले, ऑइल आणि सुट्या भागांची दुकाने यांना तोटा नसतो, आणि या धंद्यात आपल्या समाजातले कारागीर पूर्वीपासून आहेत.

गेल्या काही वर्षांत या गॅरेजांसमोर एक जुनी गोष्ट नव्याने उभी राहू लागली आहे, ती म्हणजे शंभर सीसीची टू-स्ट्रोक मोटरसायकल. वडिलांनी किंवा मामांनी नव्वदच्या दशकात घेतलेली यामाहा आरएक्स १००, नाहीतर कावासाकी बजाज, नाहीतर सुझुकी. पडवीत ताडपत्रीखाली वर्षानुवर्षे पडलेली. मुलगा कुवेत किंवा सौदीहून सुटीवर येतो, ताडपत्री काढतो आणि मिस्त्रीला सांगतो, “चाचा, हिचा पिकअप वाढवून द्या. खर्चाची फिकीर नाही.” मोठा कार्बोरेटर, रेसिंग सायलेन्सर, पोर्टिंग, सीडीआय अशी यादी त्याने मोबाईलवर बघून आणलेलीच असते.

फिकीर नाही असे म्हणणाऱ्यानेच ती करायला हवी, कारण ही रक्कम घरापासून दूर, उन्हातान्हात मिळवलेली असते. शिवाय यात मिस्त्रीचाही प्रश्न आहे. अशी कामे घ्यावीत का, की त्यापेक्षा बरे काम त्याच गाडीत दडलेले आहे? या पानावर हिशेबाचा विचार करायचा असल्याने हाच प्रश्न नीट सोडवून पाहू.

गाडी मुळात काय होती

भारतात आरएक्स १०० नोव्हेंबर १९८५ मध्ये आली आणि मार्च १९९६ मध्ये बंद झाली. एस्कॉर्ट्स कंपनीने यामाहाच्या सहकार्याने ती काढली. सुरुवातीच्या गाड्या जपानहून आलेल्या सुट्या भागांतून जोडलेल्या होत्या. पन्नास मिलिमीटरचा बोअर, पन्नासचाच स्ट्रोक, म्हणजे ९८ सीसी. ताकद ११ अश्वशक्ती, तीही ७५०० फेऱ्यांवर. वजन शंभर किलोच्या आसपास. आजच्या कागदावर हे आकडे मामुली वाटतात. पण अकरा अश्वशक्ती शंभर किलोच्या गाडीत घातली की ती उडीच मारते, आणि त्या काळातल्या फोर-स्ट्रोक गाड्या तिच्यापुढे म्हाताऱ्या वाटत. तिची कीर्ती त्यातूनच झाली. आज तिची किंमत नव्याने वाढली आहे. चांगल्या ठेवलेल्या, मूळ भागांच्या गाडीला लाखाच्या वर मागणी होते, आणि हे पुढच्या हिशेबासाठी लक्षात ठेवण्याजोगे आहे.

टू-स्ट्रोक इंजिनात फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नसतात. सिलिंडरच्या भिंतीतच खिडक्या कापलेल्या असतात. पिस्टन वर-खाली होताना त्या उघडतो आणि झाकतो. एका खिडकीतून ताजे पेट्रोल-हवेचे मिश्रण आत येते, तेव्हाच दुसरीतून जळका धूर बाहेर जात असतो. म्हणजे येणारा आणि जाणारा एकाच वेळी दारात. या गर्दीत थोडे ताजे पेट्रोल न जळताच धुराबरोबर निघून जाते. टू-स्ट्रोकचे ॲव्हरेज कमी का आणि तिच्या धुराला पेट्रोलचा वास का, याचे उत्तर इथेच आहे.

आता हे निसटणारे पेट्रोल परत आत ढकलायचे कसे? ते काम सायलेन्सर करतो. टू-स्ट्रोकचा सायलेन्सर फक्त आवाज दाबण्यासाठी नसतो. त्याच्या आत नळी आधी रुंदावते आणि मग निमुळती होते. धुराचा धक्का त्या निमुळत्या भागावर आपटून लाटेसारखा परत येतो आणि खिडकी झाकली जाण्याच्या ऐन क्षणी निसटू पाहणारे मिश्रण मागे सिलिंडरमध्ये लोटतो. पूर्व जर्मनीतल्या एमझेड कारखान्याच्या वॉल्टर काडेन या अभियंत्याने १९५० च्या दशकात या लाटेचे गणित पक्के बसवले. १९६१ पर्यंत त्याच्या १२५ सीसीच्या शर्यतीच्या इंजिनातून २५ अश्वशक्ती निघू लागली होती. त्याच वर्षी त्याचा स्वार अर्न्स्ट डेग्नर शर्यतीसाठी स्वीडनला गेला असता पळाला आणि हे सारे ज्ञान घेऊन जपानमध्ये सुझुकीकडे पोहोचला. पुढच्याच वर्षी, १९६२ साली, त्याने सुझुकीच्या ५० सीसी गाडीवर जगज्जेतेपद मिळवले. धंद्यातली गुपिते कशी फुटतात याचा हा मोठा नमुना. पण आपल्या कामाचा मुद्दा वेगळा आहे. जपान्यांनी हे सगळे शिकून झाल्यावर आपल्या पडवीतली गाडी बनवली. तिचा तो साधा दिसणारा काळा सायलेन्सर म्हणजे काडेनच्या गणिताचाच संसारी अवतार आहे. नाक्यावर मिळणारा ‘रेसिंग’ सायलेन्सर बहुतेक वेळा नुसती वाकवलेली नळी असते. तिचे गणित कोणी केलेले नसते.

कारखान्याने स्वतः काय केले

कंपन्यांना जोर वाढवता येत नव्हता असे नाही. याचा आपल्याच देशातला दाखला म्हणजे राजदूत ३५०. एस्कॉर्ट्सने १९८३ साली यामाहाच्या आरडी ३५० वरून ती काढली. दोन सिलिंडर, ३४७ सीसी, साडेतीस अश्वशक्ती. लोकांनी तोंडात बोटे घातली; पण पेट्रोलचा खर्च पाहून हात आखडले. मग कंपनीने दुसरा प्रकार काढला. त्यात धुराची वाट अरुंद केली आणि ताकद २७ वर आणली, कशासाठी, तर ॲव्हरेज सुधारावे म्हणून. ज्या कंपनीकडे वेगाची सगळी विद्या होती, तिने गिऱ्हाईक टिकवण्यासाठी सायलेन्सरमधूनच ताकद कमी केली. तरीही १९९० च्या सुमारास ती गाडी बंद पडलीच.

दुसरा दाखला आरएक्स १३५ चा. बोअर ५० वरून ५८ मिलिमीटर करून कंपनीने तेच इंजिन १३२ सीसीचे केले. आकार पस्तीस टक्के वाढला. पाच गिअरच्या गाडीत ताकद साधारण १४ अश्वशक्तीपर्यंत गेली, म्हणजे पंचवीस-सत्तावीस टक्के. नवे सिलिंडर, नवा पिस्टन, पाचवा गिअर आणि कारखान्याची सगळी यंत्रसामग्री वापरून एवढेच. मग छिन्नी-कानस आणि हँड ग्राइंडरने खिडक्या रुंद करून ‘अठरा अश्वशक्ती काढून देतो’ म्हणणाऱ्या कारागिरावर किती विश्वास ठेवायचा, ते ज्याचे त्याने ठरवावे. मोजण्याचे यंत्र त्याच्याकडे नसते, आणि कानाला जास्त आवाज म्हणजे जास्त जोर असेच वाटते.

काहीजण म्हणतात, बोअर करताना मोठा पिस्टन टाकला की सीसी वाढते. वाढते, पण किती? पिस्टनचे ओव्हरसाइज पाव-पाव मिलिमीटरने मिळतात. चारही ओव्हरसाइज संपवून एक मिलिमीटर मोठा पिस्टन बसवला तर ९८ सीसीचे इंजिन १०२ सीसीचे होते. या चार सीसीसाठी सिलिंडरचे सगळे आयुष्य एकदम खर्च करणे म्हणजे बियाणे विकून जेवण्यासारखे आहे. बोअर ही दुरुस्ती आहे. ती पहिल्या ओव्हरसाइजवर भागत असेल तर तिथेच थांबावे.

वाढलेला जोर जातो कुठे

समजा, हुशार कारागिराने खरोखरच वीस टक्के ताकद वाढवून दिली. मग शंभरने पळणारी गाडी एकशेवीसने पळेल, असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा. वेग वाढला की वाऱ्याचा अडथळा फार झपाट्याने वाढतो. वेग दुप्पट करायला जवळजवळ आठपट ताकद लागते. या हिशेबाने वीस टक्के जादा ताकदीने वेग वाढतो सहा टक्के. शंभरचे एकशेसहा. कोलाड ते रोहा हे अंतर बारा-तेरा किलोमीटर. धाटावच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जाणाऱ्या माणसाला या सहा किलोमीटरचा उपयोग काय? त्या रस्त्यावर वेग ठरवतात खड्डे, वळणे, पुढचा टँकर आणि गुरे. महामार्गाचे तर सांगायलाच नको. पळस्पे ते इंदापूर टप्प्याचे चौपदरीकरण २०११ साली सुरू झाले आणि पुढची कित्येक वर्षे लोकांनी तिथे ताकदीपेक्षा सस्पेन्शनचीच परीक्षा घेतली.

त्यातून हा जादा जोर कुठल्या फेऱ्यांवर मिळतो हेही पाहावे लागते. धुराच्या लाटेचे गणित एका ठरावीक फेऱ्यांवरच जुळते. लाट वरच्या फेऱ्यांवर जुळवली की खाली ती उलटी नडते. म्हणून रेसिंग सायलेन्सर आणि पोर्टिंग केलेली गाडी मोकळ्या रस्त्यावर सातआठ हजार फेऱ्यांना किंचाळत पळते, पण मागे बायको, पुढे पिशवी आणि वर पाऊस असताना सुकेळी खिंड चढायची झाली तर दम टाकते. मग सारखा गिअर उतरवा, क्लच दाबून रेस करा. क्लच प्लेटा जळतात त्या अशाच. कोकणात गाडीला खालचा ओढा हवा असतो, आणि नेमका तोच या कामात जातो.

आणखी एक गणित. पिस्टन आणि कनेक्टिंग रॉडवर बसणारा ताण फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो. मूळ गाडी ७५०० फेऱ्यांवर पूर्ण ताकद देते. तेव्हा पिस्टन एका सेकंदात १२५ वेळा वर-खाली होत असतो. तेच ९००० वर नेले तर फेऱ्या वाढतात वीस टक्के, पण ताण वाढतो ४४ टक्के. हा ताण तीस वर्षांच्या जुन्या क्रँकवर, जुन्या बेअरिंगवर पडतो. शर्यतीतले लोक अशी इंजिने वारंवार उघडून त्यातले पिस्टन-रिंग बदलतात. तो त्यांचा छंद असतो किंवा धंदा. गरज म्हणून गाडी चालवणाऱ्याला तो परवडत नाही.

जाम होण्याचा धोका

पैशापेक्षा मोठी गोष्ट जिवाची आहे, म्हणून इथे थोडे थांबू.

टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण मिळते ते पेट्रोलबरोबर येणाऱ्या ऑइलमधूनच. आरएक्समध्ये त्यासाठी ऑटोल्यूब पंप आहे. मूठ पिळली की पेट्रोलबरोबर ऑइलही वाढते. आता एअर फिल्टरचा डबा काढून उघडा कोन फिल्टर लावला, सायलेन्सर मोकळा केला, आणि जेट मात्र जुनाच ठेवला, तर काय होते? हवा जास्त येते, पेट्रोल तेवढेच राहते. मिश्रण पातळ होते. पातळ मिश्रण जास्त तापते. सुरुवातीला गाडी चांगली हलकी पळते, आणि मालक खूश होतो. महामार्गावर दहा-पंधरा मिनिटे मूठ पिळून धरली की पिस्टन फुगतो आणि सिलिंडरमध्ये पकडतो. मागचे चाक जागच्या जागी अडकते. मागून ट्रक असेल तर पुढचे लिहायला नको. ज्याला हे माहीत आहे तो टू-स्ट्रोकवर क्लचच्या लिव्हरवर दोन बोटे ठेवूनच पळतो. मूठ एकदम सोडून उतारावर गाडी गिअरमध्ये पळू देणे हेही तितकेच वाईट, कारण फेऱ्या जोरात असतात आणि ऑइल मात्र थेंबभरच येत असते.

कोन फिल्टरचा दुसरा दोष आपल्याकडचा खास. मूळ डबा हवेबरोबर पाऊस आत येऊ नये अशा बेताने बसवलेला असतो. उघडा फिल्टर जुलैच्या पावसात मागच्या चाकाचा चिखल आणि पाणी सरळ ओढतो. हे सामान कोरड्या मुलखात कदाचित चालत असेल.

ब्रेकची गोष्ट तर कोणी काढतच नाही. या गाडीच्या दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, आणि ते अकरा अश्वशक्तीसाठी आहेत. जोर वाढवायला वीस हजार घालणारा मुलगा ब्रेक लायनर बदलायला कुरकुर करतो, हा अनुभव कुठल्याही मिस्त्रीला विचारून पाहावा.

कायदा आणि शेजारी

मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ सांगते की गाडीत मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केरळच्या एका प्रकरणात हेच उचलून धरले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. आवाज आणि धुराच्या नियमभंगाचा दंड वेगळा, दहा हजारांपर्यंत. प्रत्येक बदलामागे हे शब्द पुन्हा वाचावेत. सायलेन्सर हा एक बदल आणि इंजिनातला फेरफार हा दुसरा. जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यावरून रोलर फिरवण्याची पोलिसांची पद्धत तर आता अनेक शहरांतल्या लोकांनी पाहिली आहे.

अपघात झाला तर विमा कंपनीला हरकत घ्यायला हा बदल आयता सापडतो. आणि पंधरा वर्षांपुढच्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. पर्यावरण कर भरून पेणच्या आरटीओत गाडी तपासणीला उभी करावी लागते. तिथे चेसिस आणि इंजिन नंबर, धूर, आवाज सारे पाहिले जाते. पीयूसीमध्ये मार्च २००० पूर्वीच्या टू-स्ट्रोकला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा साडेचार टक्के आहे. नीट ठेवलेली मूळ गाडी या परीक्षेत पास होऊ शकते. पोर्टिंग केलेली, जास्त ऑइल ओकणारी गाडी तिथे अडते.

आणि शेजारी? सायलेन्सरच्या आतली जाळीची नळी काढून टाकलेली गाडी गल्लीतून गेली की आजारी माणूस दचकतो, पाळण्यातले मूल उठते. रमजानमध्ये तरावीहनंतर किंवा सहेरीच्या आधी गावातून अशी फेरी मारणाऱ्या पोरांबद्दल वडीलधारी मंडळी काय बोलतात ते सर्वांना ठाऊक आहे. शेजाऱ्याला त्रास होऊ न देणे हे आपल्याकडे केवळ सभ्यतेचे काम मानलेले नाही, त्याचा तो हक्क आहे. गंमत म्हणजे जाळी काढल्याने बहुतेक गाड्यांची ताकद वाढत नाही, खालच्या फेऱ्यांवर उलट कमी होते. तेव्हा हा त्रास फुकटचाच.

पैसे कुठे घालावेत

मग जुन्या गाडीला हात लावूच नये का? लावावा, आणि मनापासून लावावा. पण आधी हे ओळखावे की ज्याला पोरे ‘पिकअप कमी’ म्हणतात ते बहुधा म्हातारपणाचे दुखणे असते. गाडी अकरा अश्वशक्तीची आहे, पण तीस वर्षांनी त्यातले सात-आठच शिल्लक राहिले असतील, तर आधी हरवलेले परत मिळवावे. ते सर्वांत स्वस्त पडते आणि त्याला कायद्याची आडकाठी नाही.

पहिले काम कार्बन काढण्याचे. टू-स्ट्रोक ऑइल जाळते, त्याची काजळी धुराच्या खिडकीत, हेडमध्ये आणि सायलेन्सरच्या नळीत साचते. वर्षानुवर्षे साफ न केलेल्या गाडीची धुराची खिडकी अर्धी बुजलेली सापडते. लाटेचे सगळे गणित तिथेच बिघडलेले असते. हेड उतरवून, खिडकी हलक्या हाताने खरवडून, नळी साफ करून घेतली की अनेकदा मालकाला दुसरे काही करावेसे वाटत नाही. हे अर्ध्या दिवसाच्या मजुरीचे काम आहे. खिडकीच्या कडा मात्र कापू नयेत. कडा एक मिलिमीटर वर गेली की तेच पोर्टिंग झाले.

दुसरे, क्रँकचे ऑइल सील. हे रबर वर्षानुवर्षे उभ्या गाडीत कडक होते. मॅग्नेटच्या बाजूचे सील गेले की बाहेरची हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होते, गाडी तापते आणि आयडलिंगला वेडीवाकडी धावते. गिअरच्या बाजूचे गेले की गिअर ऑइल जळते आणि मागे पांढरा धूर. गिऱ्हाईक म्हणते पिस्टन गेला, आणि उतावळा मिस्त्री बोअर करून मोकळा होतो. दोष तसाच राहतो. पिस्टन उघडण्याआधी सील तपासणारा कारागीर हा खरा कारागीर समजावा.

मग कार्बोरेटर धुणे, झिजलेली सुई आणि जेट मूळ मापाचे टाकणे, रीड व्हॉल्व्हच्या पट्ट्या तुटल्या नाहीत ना ते पाहणे, पंपाची केबल खुणेवर बसवणे. गरज असेल तरच बोअर, आणि बोअर केल्यावर पहिले काही शेकडा किलोमीटर सबुरीने चालवणे. ज्या गाड्यांत पॉइंटचे मॅग्नेट आहे त्यांना सीडीआय बसवणे हा मात्र मी पटण्याजोगा बदल मानतो. त्याने ताकद फार वाढत नाही, पण पावसाळ्यात पॉइंट घासत बसावे लागत नाही आणि टायमिंग सरकत नाही. नवे टायर, ब्रेक लायनर, चेन-स्प्रॉकेट आणि चांगला हेडलाइट हे त्याच रकमेत बसते. पुढच्या स्प्रॉकेटला एक दात कमी केला तर चढावर गाडी हलकी चालते, वरचा वेग थोडा जातो. खिंडीखाली राहणाऱ्याला हा सौदा फायद्याचा आहे, आणि पस्तावला तर अर्ध्या तासात जुना स्प्रॉकेट परत बसतो.

आता आकडे मांडू. नीट ठेवलेली गाडी लिटरला चाळीस देते आणि जोर वाढवलेली तीस, असे धरू. रोज तीस किलोमीटर आणि वर्षाचे तीनशे दिवस म्हणजे ९,००० किलोमीटर. पहिलीला २२५ लिटर लागते, दुसरीला ३००. शंभर रुपये दराने वर्षाला साडेसात हजार रुपये जादा, ऑइल वेगळे. सुट्या भागांवर आणि मजुरीवर सुरुवातीला पंचवीस हजार घातले असतील, तर तीन वर्षांत एकूण साडेसत्तेचाळीस हजार झाले, आणि मधे एक बोअर लवकर करावा लागला तर तोही मिळवावा. तेच पंचवीस हजार मूळ स्थितीत आणण्यावर घातले तर पेट्रोल वाचते, आणि विकताना ते पैसे परत येण्याची आशा असते. कारण आज या गाडीचा बाजारभाव ठरतो तो ‘ओरिजिनल’ या एका शब्दावर. कापलेले सिलिंडर पाहिले की जाणकार गिऱ्हाईक भाव पाडते. माझ्या मते तरी हिशेब इथे संपतो. ज्याला शर्यतीचीच हौस आहे त्याने वेगळे इंजिन घेऊन बंद मैदानात ती भागवावी, रस्त्यावरच्या गाडीत ती भागवू नये.

मिस्त्रीच्या बाजूने

आता गॅरेजवाल्याचा विचार. रस्त्यावर चालवायची नवी टू-स्ट्रोक मोटरसायकल आज शोरूममध्ये मिळत नाही. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ लागू झाल्यावर तर तो विषयच संपला. टीव्हीएसच्या एक्सएललाही फोर-स्ट्रोक व्हावे लागले. म्हणजे टू-स्ट्रोकचे काम जाणणारा हात दरवर्षी कमी होतो आहे, आणि गाड्यांची किंमत मात्र वाढते आहे. ज्या मिस्त्रीने लुना, एम-८० आणि आरएक्सवर आयुष्य काढले त्याच्याकडे अशी विद्या आहे, जी कंपनीच्या शोरूममधल्या मुलाला शिकवलेली नाही. या विद्येला भाव आहे, पण तो सायलेन्सर कापण्यात मिळणार नाही. एक सायलेन्सर विकून पाचशे-हजार सुटतील. गाडी पूर्ण उघडून मूळ स्थितीत आणण्याच्या कामाची मजुरी त्याच्या कितीतरी पट असते, आणि गिऱ्हाईक दुसऱ्या गावाहून शोधत येते. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीत नियमबाह्य बदल केलेली गाडी विकणाऱ्या विक्रेत्यालाही एक वर्षापर्यंत कैद किंवा गाडीमागे एक लाख रुपये दंड आहे. जुन्या गाड्या घेऊन, सजवून विकण्याचा जोडधंदा करणाऱ्यांनी हे टिपून ठेवावे.

अडचण आहे ती सुट्या भागांची. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला आणि चोर बाजारात अजून पुष्कळ सामान मिळते, पण त्यात खोटे फार. कंपनीच्या डब्यातला नकली पिस्टन हजार किलोमीटरही टिकत नाही आणि बदनामी बसवणाऱ्याची होते. यावर उपाय एकच दिसतो. काढलेला प्रत्येक जुना भाग पिशवीत घालून गिऱ्हाईकाला परत द्यावा, नवा भाग ओरिजिनल आहे की दुसऱ्या कंपनीचा ते बिलावर लिहावे, आणि लेथवरून बोअर होऊन आलेला सिलिंडर स्वतः मापून घ्यावा. पिस्टन आणि सिलिंडरमधली फट केसाएवढी असते. ती लेथवाल्याच्या अंदाजावर सोडली तर जाम झालेल्या इंजिनाचे खापर आपल्याच डोक्यावर फुटते. गिऱ्हाईकाची गाडी ही आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे, असे मानणाऱ्या गॅरेजला पाटी मोठी लावावी लागत नाही.

सुटीवर आलेल्या मुलाने तरीही हट्ट धरला, तर मिस्त्रीने निदान एक करावे. काढलेला मूळ सायलेन्सर आणि एअर फिल्टरचा डबा भंगारवाल्याला देऊ नये. गंज लागू नये म्हणून आतून ऑइल फिरवावे, कापडात गुंडाळून मालकाच्याच घरी माळ्यावर ठेवायला लावावे. मुलगा परत गेला की गाडी वडिलांनाच चालवायची असते, आणि पुढच्या पासिंगला पेणला नेताना तेच दोन भाग पुन्हा बसवायला गाडी गॅरेजच्या दारात येते.